के दाबला की काना

मानवतच्या एसटी स्टँडवरून बाजारपेठेकडे वळलं की डाव्या अंगाला ओमप्रकाशशेठचा छापखाना लागतो. लग्नपत्रिका, शाळांच्या प्रश्नपत्रिका, ग्रामपंचायतीचे अर्ज, श्रद्धांजलीचे फलक, जे म्हणाल ते तिथं छापून मिळतं. आत शिरलं की खिडकीशी एक बाई पाठ ताठ करून बसलेली दिसते. चष्मा नाकाच्या शेंड्यावर, नजर शेजारच्या कागदावर, आणि बोटं आपली आपण चाललेली. कळफलकाकडे ती बघतच नाही. गिऱ्हाईक समोर उभं राहून मजकूर सांगतं, त्याचं वाक्य संपायच्या आत तिचं टाईप करून होतं.

ही रुख्मिणी. कागदोपत्री वय एक्कावन्न. खरं वय तिलाही ठाऊक नाही.

तिचे आईबाप ऊसतोडीला जायचे. दिवाळी झाली की टोळीचा ट्रक गावात यायचा आणि भांडीकुंडी, शेळ्या, लेकरं सगळं भरून सांगली-कोल्हापूरकडे निघून जायचा. रुख्मिणीचा उजवा पाय तिसऱ्या वर्षी पोलिओनं गेला. फडात ही काय कामाची, म्हणून तिला चुलतीकडे ठेवलं. त्यामुळे घरात शाळा शिकलेली ती एकटीच. दहावी झाल्यावर तिनं मानवतला व्यंकटराव सरांचा टायपिंगचा क्लास लावला. एका खोलीत बारा मशीन, त्यातली नऊ चालू, आणि दारात स्टुलावर बसलेले, धोतर नेसणारे, तोंडात सतत सुपारी असलेले व्यंकटराव सर.

परीक्षेचा फॉर्म भरताना सरांनी जन्मतारीख विचारली. रुख्मिणी म्हणाली, "एक जून."

सरांनी चष्म्यावरून बघितलं. "पोरी, खरंच एक जूनला झालीस का?"

"न्हाई सर. आई म्हणती, थंडीत झाले. उसाच्या फडात. कोणतं गाव होतं ते तिला ध्यानात न्हाई. शाळेत गुरुजींनी एक जून लिवलं."

"माझ्या क्लासात अठ्ठावीस पोरं हायत. त्यातली अकरा एक जूनची." सरांनी सुपारी या गालातून त्या गालात सरकवली. "एका दिवशी एवढी लेकरं जन्माला यायला काय यात्रा होती का?"

सगळा वर्ग हसला. रुख्मिणीही हसली. पण संध्याकाळी मशीनला झाकण घालताना सर तिच्याजवळ येऊन थांबले आणि हळू आवाजात म्हणाले, "तुझं राहिलं ते राहिलं. पण तुझ्या हातात आता मशीन आलंय. मागून येणाऱ्या लेकरांचं तरी लिहून ठेवत जा."

हे बोलणं तिनं मनावर घेतलं. छापखान्यात नोकरी लागली त्या सालापासून ती दर वर्षी अखितीच्या सुमाराला, टोळ्या परत आल्या की रविवारी गावाकडे जाऊ लागली. दारोदार फिरून विचारायची: औंदा कुणाला लेकरू झालं? कुठं झालं? फडावरच्या कोपीत का दवाखान्यात? बायकांना तारखा सांगता यायच्या नाहीत. कुणी म्हणे, संक्रांतीच्या तिसऱ्या दिवशी. कुणी म्हणे, एकादस होती, मुकादमाला उपास होता. रुख्मिणी सोबत कॅलेंडर न्यायची आणि तिथल्या तिथं तारीख काढायची. शेजारच्या दोन गावांतल्या बायकाही मग तिला निरोप धाडू लागल्या. सुरुवातीला ही यादी कागदावर टाईप केलेली होती. दोन हजार तीन साली शेठनं मराठी टायपिंगचा प्रोग्राम घेतला, तेव्हा तिनं ती संगणकात घातली. तारीख, आईचं नाव, बापाचं नाव, मुलगा का मुलगी, आणि शेवटच्या रकान्यात ठिकाण. तीनशे एकोणनव्वद लेकरं झाली होती. हे तिनं कधी कुणापाशी बोलून दाखवलं नाही. शेठला वाटायचं, बाई गावकीची काहीतरी यादी करायलीय.

तर दोन हजार पंचवीसच्या जूनमध्ये असं झालं. जुन्या सिस्टीमला यापुढं दुरुस्त्या मिळणार नाहीत, अशी सूचना गेले कित्येक महिने पडद्यावर यायची आणि सगळे ती बंद करून पुढं कामाला लागायचे. पण लग्नसराई संपली, जरा उसंत मिळाली, तसं ओमप्रकाशशेठनं मनावर घेतलं. परभणीहून एक जाणकार माणूस बोलावला. त्यानं दोन दिवस बसून तिन्ही संगणकांतल्या फायली एका पेनड्राइव्हवर काढून घेतल्या, आतलं सगळं पुसलं आणि नवी सिस्टीम टाकून दिली.

शेठ तर एकदम खूश. "बघा बघा," दुकानात येईल त्याला बोलावून दाखवायचे, "आधी मशीन चालू करून मी देवपूजा उरकायचो. आता अगरबत्ती पेटवेपर्यंत चालू!" निळ्या पाण्यासारखा पडदा, गोल कोपऱ्यांच्या खिडक्या, सगळ्याचं त्यांना कौतुक.

भुजंग मात्र बेजार. भुजंग हा छापखान्याचा डिझायनर, चाळिशीचा माणूस, फलकांवरची मोठमोठी अक्षरं आणि फुलापानांच्या चौकटी त्याच्या हातच्या. त्याचा जुना डिझाईनचा प्रोग्राम नव्या सिस्टीमवर उघडेना. डाव्या कोपऱ्यातलं बटण मधे गेलं, उजवं बटण दाबल्यावर यायची ती लांबलचक यादी आखडून इवलीशी झाली. "माणूस आपल्याच घरात पाण्याचा तांब्या हुडकायलाय अशी गत झाली," तो म्हणायचा. "काय गरज होती शेठ? चाललं होतं की चांगलं!"

गिऱ्हाइकांतही दोन तट पडले. झेडपी शाळेचे एक गुरुजी म्हणाले, त्यांच्या शाळेत पण हेच टाकलंय आणि फोटोतली अक्षरं आपोआप मजकुरात उतरतात, लय सोय झाली. शेजारच्या गावचे ग्रामपंचायतीचे ऑपरेटर म्हणाले, कसली सोय, आमचा प्रिंटर ओळखच दाखवीना, तीन दिवस झाले दाखले अडकलेत. चहा येईपर्यंत ही चर्चा चालायची आणि चहा संपला तरी मिटायची नाही.

 रुख्मिणीचं दुःख वेगळंच होतं.

तिचा मराठीचा प्रोग्राम गेला होता. तो ज्या कंपनीनं बनवला होता ती केव्हाच बंद पडलेली. संगणकाच्या पाठीमागं खोचायची एक छोटी किल्ली त्याच्यासोबत आली होती. ती खोचल्याशिवाय तो चालायचा नाही. नव्या सिस्टीमनं ती किल्लीच ओळखली नाही. परभणीच्या माणसानं तिला नवं मराठी दाखवलं. "एकदम सोपं हाय, मॅडम. जसं बोलता तसं टायपा. के दाबला की क, एम दाबला की म."

रुख्मिणीच्या बोटांना हे कसं पटावं? तिच्या बोटांत व्यंकटराव सरांचं मशीन बसलेलं. त्या मशीनवर के दाबला की काना उमटायचा. स साठी एल, र साठी जे, ल साठी वाय. सरला लिहायचं तर एल, जे, वाय, के. तीस वर्षं हेच. पहिल्या दिवशी एका बारशाची पत्रिका करताना तिनं नेहमीसारखं सरला टाईप केलं आणि पडद्यावर 'ल्ज्य्क' असं काहीतरी भयंकर उमटलं. पुसलं, पुन्हा केलं, पुन्हा तेच. मग ती कळफलकाकडे बघून एकेक अक्षर हुडकायला लागली. बाळाचे आजोबा समोर उभे होते. ते बिचारे बराच वेळ थांबले आणि म्हणाले, "बाई, तब्येत बरी न्हाई का आज?"

चार दिवस असे गेले. पाचव्या दिवशी घरी तिनं भाकरीचं पीठ मळता मळता नवऱ्याला सांगितलं, "मी सोडते म्हणते छापखाना. आता माझ्यानं व्हायचं न्हाई."

गोपाळ शिंपी माणूस. कमी बोलणारा. तो सुईत दोरा ओवत होता, तो ओवून झाल्यावर म्हणाला, "मशीनला मोटर बसवली तवा मी काय केलतं, ध्यानात हाय का? पाय सवयीनं हलायचा आणि मोटर आपलीच पळायची. दोनदा बोटात सुई घुसली. तूच म्हणलीस, आठ दिस काढा."

"तवा मी चाळिशीत पण न्हवते."

"बरं, मग पंधरा दिस काढ," गोपाळ म्हणाला आणि दोऱ्याला गाठ मारली.

तिला हसू आलं. ती दुसऱ्या दिवशी कामावर गेली.

त्याच दिवशी, सोमवारी दुपारी, छबूबाई छापखान्यात आली. रुख्मिणीच्याच गावची, वयानं धाकटी, अजूनही नवऱ्यासोबत कोयता घेऊन जाणारी. मागं तिची मुलगी सृष्टी, हातात प्लास्टिकची फाईल, ओढणी घट्ट खोवलेली. बसा म्हटलं तरी दोघी बसेनात.

"आक्का, लय अडचण झाली," छबूबाई म्हणाली. "पोरगी बारावी झाली. साठ टक्के पडले. नर्सिंगला नंबर लागायलाय, पण ते म्हणत्यात, ही सतराची न्हाई."

सृष्टीनं शाळेचा दाखला पुढं केला. जन्मतारीख: १ जून २००९. कॉलेजला सतरा वर्षं पुरी लागत होती आणि या दाखल्यानं ती सोळाची ठरत होती.

"मी सतरा पूर्ण हाय, मावशी," सृष्टी म्हणाली. "आई म्हणती त्यावरून तरी. शाळेत अंगानं बारीक होते म्हणून गुरुजींनी एक साल कमी लिहिलं. कॉलेजचे सर चांगले हायत. म्हणाले, खरा जन्मदाखला आण, आम्ही तो धरतो. पण शेवटची तारीख बारा दिवसांवर आलीय."

"मग जन्मदाखला कुठं मिळायचा?"

"तेच तर!" छबूबाईनं कपाळाला हात लावला. "सरकारी दवाखान्यात झाली एवढं ध्यानात हाय. नर्सबाई लय मायाळू होती, मला स्वतःच्या डब्यातला भात दिला. पण गाव कोणतं? आमी दर साली नव्या कारखान्यावर. ह्यांना इचारलं तर हे एकदा म्हणत्यात इस्लामपूरकडं, एकदा म्हणत्यात कराडकडं. मग मला आठवलं, आक्का, तुमी लिवून घेतलतं. मी दारात भांडे घासत होते आणि तुमी कॅलेंडर घेऊन बसला होता."

रुख्मिणी संगणकाकडे वळली. लिहिलं होतं, हे तिला पक्कं आठवत होतं. पण यादी नव्या सिस्टीमवर तिनं अजून उघडलीच नव्हती.

भुजंगनं पेनड्राइव्ह लावून फाईल उघडली. पडद्यावर तारखांचे आकडे तेवढे शहाण्यासारखे जागेवर होते. बाकी सगळा इंग्रजी अक्षरांचा उकिरडा. ना मराठी, ना इंग्रजी. मधेच मोठं अक्षर, मधेच उलटा तिरपा स्वल्पविराम, मधेच चौकोन. तीनशे एकोणनव्वद ओळी अशाच.

भुजंगनं चार-पाच मराठी फॉन्ट लावून बघितले. प्रत्येकानं वेगळाच गोंधळ घातला. शेवटी त्यानं माउस सोडला. "गेलं हे, ताई. तो फॉन्ट असल्याबिगर हे उघडायचं न्हाई. म्हणूनच म्हणतो मी, ह्या अपग्रेडनं वाटोळं केलं!"

"जुन्या मशीनमधून काढता येईल की," शेठ म्हणाले.

"जुनं कुठं राहिलं शेठ? सगळं पुसून टाकलं त्यानं."

शेठचा चेहरा उतरला. पाच दिवसांत पहिल्यांदाच त्यांनी नव्या सिस्टीमचं कौतुक केलं नाही. छबूबाईला यातलं काही कळलं नाही, पण चेहऱ्यांवरून तिनं ओळखलं. तिनं पदर तोंडाला लावला. सृष्टी आईच्या दंडाला धरून उभी राहिली.

रुख्मिणी पडद्याकडे बघत बसली होती. एका ओळीवर तिची नजर अडली: एल, जे, वाय, के. तिची बोटं मांडीवर आपोआप हलली. करंगळीजवळचं बोट, मग तर्जनी, मग वर, मग मधलं. स, र, ला.

"सरला," ती म्हणाली.

"काय?" भुजंगनं विचारलं.

"ही सरला हाय. आमच्या वरच्या आळीतली. थांब, थांब." ती खुर्ची पुढं ओढून बसली. "भुजंग, हा उकिरडा न्हाई. मी जी बटणं दाबली तीच हायत ही. कपडे उतरलेत नुसते, माणसं तीच हायत. के म्हणजे काना. टी म्हणजे ज."

"ताई, तुमाला वाचता येतंय हे?"

"वाचता न्हाई येत. पण बोटांना येतंय."

तिनं डोळे मिटले. दोन्ही हात कळफलकावर ठेवले, बटणं न दाबता. छबू कसं लिहायचे मी? छ म्हणजे वरचं एन. ब म्हणजे सी. ऊकार डब्ल्यू. "भुजंग, मोठा एन, मग सी, मग डब्ल्यू. हे शोध."

नव्या सिस्टीमचा शोध मात्र वाऱ्यासारखा. बटण दाबायचा अवकाश, सात ओळी पिवळ्या होऊन समोर आल्या. तीन गावांत मिळून छबू नावाच्या सात बाळंतिणी होत्या.

"आता लिंबाजी," रुख्मिणी म्हणाली. छबूबाईच्या नवऱ्याचं नाव. ती एकेक अक्षर सांगू लागली आणि भुजंग टाकू लागला. "एफ. वाय. ए. सी. के. टी. एच."

एकच ओळ उरली. तारीख १९-१-२००८.

शेठनं पंखा बंद केला, जणू पंख्याच्या वाऱ्यानं ओळ उडून जाईल. आता राहिला होता शेवटचा रकाना, ठिकाणाचा. त्यात पहिला शब्द आठ अक्षरांचा. रुख्मिणीनं हात जागेवर ठेवले आणि पडद्यावरच्या प्रत्येक अक्षराकडे बघून तीच बटणं सावकाश दाबत गेली, आणि दाबताना प्रत्येकाचा मराठी उच्चार मोठ्यानं करत गेली.

"अर्धा थ. काना, म्हणजे थ. ळ. मात्रा, म्हणजे ळे. व. काना. ड. दीर्घ वेलांटी." उरलेले शब्दही तिनं तसेच उलगडले. "थळेवाडी. सरकारी दवाखाना, थळेवाडी. जिल्हा सांगली."

"थळेवाडी!" छबूबाई किंचाळलीच. "आगं माय, थळेवाडीच! पुढं वढा होता आणि वढ्याच्या पल्याड दवाखाना. ट्रॅक्टरवर नेलतं मला!" आणि ती मटकन खाली बसून हमसून हमसून रडायला लागली. सृष्टीनं आईला आधी सावरलं. मग तिनं वाकून रुख्मिणीच्या पायांना हात लावला, दोन्ही पायांना, लोखंडी पट्टी लावलेल्या उजव्या पायालासुद्धा. रुख्मिणीला कसंसंच झालं. तिनं मुलीला उठवून खुर्चीवर बसवलं. "एकोणीस जानेवारी," ती म्हणाली. "ध्यानात ठेव आता. वाढदिवस करत जा."

शेठनं ताबडतोब फोन लावायला घेतले. कुठून कुठून नंबर मिळवून थळेवाडीच्या ग्रामपंचायतीत एकजण सापडला. तारीख आणि आईबापाची नावं ऐकून तो म्हणाला, "या तुम्ही, रजिस्टर काढून ठेवतो." दुसऱ्या दिवशी लिंबाजी मुलीला घेऊन निघाला. नोंद सापडली. तारीख तीच, आईबाप तेच, मुलगी; फक्त बाळाच्या नावाची जागा कोरी होती. अर्ज भरून नाव घालून घ्यायला पाच दिवस गेले. ते पाच दिवस बापलेक तिथंच एका ओळखीच्या मुकादमाकडे राहिले. मुदतीच्या दोन दिवस आधी दाखला कॉलेजात पोचला आणि सृष्टीचा प्रवेश पक्का झाला.

इकडे भुजंगच्या डोक्यात मात्र ती दुपार घुमत राहिली. दुसऱ्या दिवशी सकाळी तो दुकान उघडल्या उघडल्या रुख्मिणीच्या संगणकासमोर बसला आणि नव्या सिस्टीमला शिव्या घालत घालत तिच्या सेटिंगच्या सगळ्या कपाटांत हात घालून बघू लागला. रुख्मिणी आली तेव्हा तो उठून बाजूला झाला. "ताई, बसा. तुमचं ते सरला टाका बरं एकदा."

"कशाला चेष्टा करतो सकाळी सकाळी."

"टाका तर!"

तिनं टाकलं. एल, जे, वाय, के. पडद्यावर स्वच्छ, काळंभोर, ठसठशीत उमटलं: सरला.

नव्या सिस्टीमच्या पोटातच टाईपरायटरच्या कळफलकाचीही सोय होती. परभणीच्या माणसानं ती चालू केली नव्हती, आणि यांना ती असते हेच माहीत नव्हतं. रुख्मिणीनं एकामागून एक शब्द टाकले. छबू. लिंबाजी. मानवत. व्यंकटराव. शेवटच्या शब्दाशी तिची बोटं थांबली. सर जाऊन चौदा वर्षं झाली होती. बोटांवर कापड धरून, 'बघायचं न्हाई, बघायचं न्हाई' असं बजावत त्यांनी शिकवलेलं, एवढं सगळं बदलूनही, उपयोगी पडत होतं. तिनं डोळे पुसले आणि भुजंगला म्हणाली, "तुझे लय उपकार झाले बाबा."

"माझे कशाला? ह्या बयेचेच म्हणा," भुजंगनं पडद्याकडे बोट दाखवलं, आणि लगेच सावरून घेतलं, "पण माझा डिझाईनचा प्रोग्राम खाल्ला तो खाल्लाच हिनं. ते मी इसरणार न्हाई."

पुढचा महिनाभर रुख्मिणी रोज दुपारी जेवणाच्या सुट्टीत यादी घेऊन बसायची. एका बाजूला जुनी ओळ, दुसऱ्या बाजूला नवी. जुन्या ओळीत जे इंग्रजी अक्षर दिसेल तेच बटण दाबायचं, की नव्या ओळीत मराठी उमटायचं. डोळे आता पूर्वीसारखे राहिले नव्हते; पण नव्या सिस्टीममध्ये हवं तेवढं अक्षर मोठं करून बघता यायचं, हे तिला लय आवडलं. एकेक ओळ उतरवताना एकेक लेकरू आठवायचं. कुणी आता फौजेत होतं, कुणी पुण्यात गाडी चालवत होतं, दोघं-तिघं राहिली नव्हती. एकदा शेठनं तिला बोलून टाईप करायची सोय दाखवली. ती माइकसमोर म्हणाली, "आमी गावाकडं जायलाव." पडद्यावर भलतंच वाक्य उमटलं, ज्यात गाव नव्हतं आणि जाणंही नव्हतं. सगळे पोट धरून हसले. "हिला अजून आपलं बोलणं शिकवायला लागतंय," रुख्मिणी म्हणाली, आणि पुन्हा बोटांवर आली.

श्रावणात तीनशे एकोणनव्वदावी ओळ उतरली. नवी यादी कुठल्याही मोबाईलवर उघडायची, कुठल्याही नावानं शोधता यायची, कुठल्याही किल्लीवाचून. भुजंगनं तिच्या तीन प्रती तीन जागी ठेवल्या, एक गोपाळच्या मोबाईलवरसुद्धा. गोपाळनं ती उघडून बघितली आणि एवढंच म्हणाला, "पंधरा दिसांत हात बसला की." त्याच्या तोंडून हे म्हणजे सत्कारच.

एके दिवशी पडद्याच्या कोपऱ्यात एक चौकट आली: नवी सिस्टीम तुम्हाला कशी वाटली? पाच चांदण्या होत्या, हव्या तेवढ्या भरायच्या. शेठ म्हणाले, पाच भरा. भुजंग म्हणाला, माझ्या संगणकावर आली तवा मी एक भरली, ती पण कीव करून. दोघांची पुन्हा जुंपली. रुख्मिणीनं थोडा विचार केला. बारशाच्या पत्रिकेची ती दुपार तिला आठवली, आणि छबूबाईचा उतरलेला चेहराही. मग तीनशे एकोणनव्वद स्वच्छ ओळी आठवल्या. तिनं चार भरल्या. खाली मत लिहायला रिकामी जागा होती. तिथं तिनं मराठीत लिहिलं: 'जुन्या माणसांना आधी सांगून बदल केले असते तर बरं झालं असतं. बाकी चांगलं आहे. आभारी आहे.' हे कोण वाचणार, तिला माहीत नव्हतं. पण मनापासून लिहिलं होतं, म्हणून तिनं पाठवलं.

दसरा झाला आणि गावात ट्रकांची बोलणी सुरू झाली. या वेळी टोळ्या निघायच्या आधीच रुख्मिणी गावात गेली. ज्यांना दिवस गेले होते अशा पाच बायका होत्या. पाचही जणींच्या मोबाईलमध्ये तिनं स्वतःचा नंबर घालून दिला. "लेकरू झालं की त्याच दिशी मला सांगायचं. लिवता येत नसलं तर बोलून पाठवा. गाव, दवाखाना, तारीख. आणि तिथल्या तिथं नोंद करून घ्यायची, मी फोनवर सांगते कशी करायची ती." छबूबाईही तिथंच होती. औंदा ती एकटीच लिंबाजीसोबत निघाली होती, सृष्टी हॉस्टेलला. ती त्या पोरींना दरडावून सांगत होती, "इसरू नका गं. माझी लेक ह्या बाईमुळं नर्स होणार हाय."

पौषातल्या एका सकाळी रुख्मिणी छापखान्यात येऊन बसते न बसते तोच मोबाईल वाजला. बोलून पाठवलेला निरोप. वारं सुटलेलं, मागं ट्रॅक्टरचा आवाज, आणि मधे त्या पाचजणींतल्या एकीचा दमलेला, हसरा आवाज: "आक्का, मी पंकजा बोलायले. काल मुलगी झाली. दवाखान्यातच झाली. नोंद केली, कागद बी मिळाला, त्याचा फोटो धाडलाय. लय गोरी हाय."

रुख्मिणीनं निरोप दोनदा ऐकला. मग चष्मा नाकावर ढकलला, यादी उघडली आणि तीनशे नव्वदावी ओळ टाईप करायला घेतली.